ते वाकले तेव्हा

“ताई, इथं अवतरणचिन्हं राहिली आहेत.”

टाइपबाईंनी मान वर केली नाही. स्क्रीनवरची ती ओळ त्यांना पाठच होती.

“राहिली नाहीत, मॅडम. मी घातली नाहीत.”

मॅडम खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचा प्रबंध चारशे पानांच्या पुढे गेला होता आणि त्यात ‘सत्य’ हा शब्द जिथे जिथे आला, तिथे तिथे तो अवतरणचिन्हांत होता. पहिल्या प्रकरणापासून टाइपबाई ती चिन्हे इमानेइतबारे टाकत आल्या होत्या. फक्त पाचव्या प्रकरणात, दोनशे बाराव्या पानावर, एका ओळीत त्यांनी ती टाकली नव्हती. ओळ अशी होती: क यांच्या पत्नीला ठाऊक असलेले सत्य.

क यांची पत्नी म्हणजे टाइपबाईच.

“सगळीकडे एकसारखं हवं, ताई,” मॅडम हळूच म्हणाल्या. “नाहीतर परीक्षक तेवढंच धरून बसतील.”

“बरं.”

दोन कळा दाबल्या, काम झाले. टाइपबाईंनी पान पुढे सरकवले.

राज्यशास्त्र विभागात त्यांना बावीस वर्षे झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक कपाट, आधी टाइपरायटर आणि नंतर कॉम्प्युटर. एवढ्या वर्षांत किती प्रबंध त्यांच्या बोटांखालून गेले, याची मोजदाद नव्हती. सुरुवातीला सगळे राज्यघटनेवर लिहीत. मग मतदानाचे दिवस आले. तक्तेच तक्ते, टक्केवारी जुळवता जुळवता मान मोडायची. गेल्या काही वर्षांत तक्ते गेले आणि नवे शब्द आले. विरचना, संहिता, महाकथन. पहिल्यांदा ‘उत्तर-आधुनिक’ हा शब्द टाइप केला, तेव्हा त्यांनी विभागप्रमुखांना विचारले होते, “सर, हे आधुनिकच्या उत्तरेला कुठं येतं?” सर चहाचा कप हातात धरून खो खो हसले होते. “बाई, दक्षिणेला असतं तरी आम्हाला सापडलं नसतं!”

मॅडम मात्र हसत नसत, समजावून सांगत. विभागात टाइपबाईंना समजावून सांगणाऱ्या त्या एकट्याच.

“सत्ता काय फक्त बंदुकीत असते का, ताई? काय घडलं हे कुणी सांगायचं, कुणाचं ऐकून घ्यायचं, कुणाचं नाही, हे ठरवण्यात खरी सत्ता असते. सरकारचा अहवाल ही सरकारची गोष्ट. ती छापून येते म्हणून खरी वाटते. मला दाखवायचंय की तीही एक गोष्टच आहे, बाकीच्यांसारखी.”

हे टाइपबाईंना पुरते समजले होते. कारण त्या छापून आलेल्या गोष्टीत त्यांच्या नवऱ्याचा क्रमांक चौथा होता.

चौदा वर्षांपूर्वी, तीन आठवडे नळाला पाणी नाही म्हणून मोर्चा निघाला होता आणि चौकात गोळीबार झाला होता. सात माणसे मेली. चौकशीचा अहवाल आला. त्यात सातांचे दोन भाग केले होते: पहिले चार दंगेखोर, उरलेले तीन वाटसरू. टाइपबाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या खिशात रुमाल, घराची किल्ली आणि एक स्क्रू-ड्रायव्हर सापडला. अहवालात स्क्रू-ड्रायव्हरचे नाव ‘लोखंडी टोकदार वस्तू’ असे झाले. ‘सदर इसम दगड उचलण्यासाठी वाकला असता गोळी लागली,’ असे पुढे लिहिले होते. टाइपबाईंचा जबाब सात ओळींचा. जबाब घेणाऱ्याला घाई होती. त्यांनी काय काय सांगितले, त्यातून त्याने ‘पती सामान आणावयास गेले होते’ एवढेच उतरवून घेतले.

लेक तेव्हा पहिलीत होती. वर्गातल्या एका मुलीने तिला विचारले, “तुझे बाबा दगड मारायचे ना?” त्या दिवसापासून लेकीने शाळेत डबा एकटीने खाल्ला.

त्यामुळे तीन वर्षांपूर्वी मॅडम छोटा रेकॉर्डर घेऊन टायपिंगच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुम्हाला जे आठवतं ते, जसं आठवतं तसं सांगा, मी मध्ये बोलणार नाही,” तेव्हा टाइपबाईंनी आधी कळफलक बाजूला सारला. इतकी वर्षे कोणी असे विचारले नव्हते. मग त्या बोलू लागल्या, आणि दोन तास बोलत राहिल्या.

“माझा चष्मा मोडला होता हो. मीच त्याच्यावर बसले. काच तडकली, दांडी तुटली. चष्म्याशिवाय मला टाइप करता येईना, तीन दिवस रजा पडली. चौकात चष्मेवाला होता. हे म्हणाले, दुपारच्या सुट्टीत मी घेतो, तू समोर टपालपेटीपाशी ये, म्हणजे लगेच कामावर जाता येईल. एक वाजता मी तिथं उभी. हे दुकानातून बाहेर आले. हात वर केला. हातात चष्म्याचं घर असणार. तेवढ्यात बाजूच्या रस्त्यानं मोर्चा आत घुसला, ढकलाढकली झाली, आणि हे वाकले.”

“तुम्हाला दिसलं?” मॅडमनी न राहवून विचारले.

“चेहरे नव्हते दिसत. सगळं पाण्यातून बघावं तसं. पण वाकणं दिसलं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून उतरून यांची कंबर गेली होती. डावा हात कंबरेवर ठेवायचे, उजवा गुडघा आधी टेकायचे, मग खाली. नऊ वर्षं बघत होते मी ते. बादली उचलताना, पोरीच्या बुटाची नाडी बांधताना. हजार माणसांत ओळखलं असतं. मला सांगा, दगड मारायला निघालेला माणूस असा कंबर सांभाळत वाकेल का? चष्मा पडला होता. तो उचलत होते.”

“तो चष्मा मिळाला?”

“चौकात चपलांचा खच पडला होता, मॅडम. त्यात चष्म्याचं घर कोण शोधणार? दुकानही पुढं बंद झालं.”

मॅडमनी रेकॉर्डर बंद केला.

“हे मी लिहू का, ताई? चष्म्याचं?”

“लिहा की. त्याच्यासाठीच सांगितलं.”

आणि मॅडमनी लिहिले, जीव ओतून लिहिले. दोनशे दहा ते दोनशे सोळा, सहा-सात पाने एकट्या क यांच्यावर. ‘क यांच्या पत्नीचे पाहणे डोळ्यांचे नाही, सहवासाचे आहे. चष्म्यावाचून तिने जे पाहिले, ते शासनाच्या शेकडो निरोगी डोळ्यांना दिसू शकले नाही.’ टाइप करताना टाइपबाईंचे हात थांबले. खोलीत कोणी नव्हते म्हणून बरे. त्यांच्या माणसाबद्दल कोणी इतके लिहील, इतके चांगले लिहील, असे त्यांना स्वप्नातही वाटले नव्हते. मॅडमना विचारून त्यांनी त्या पानांची एक जादा प्रत काढली आणि घरी नेली.

लेक आता एका तपासणी-प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची. तिने उभ्याउभ्याच पाने वाचली. मग खाली बसून पुन्हा वाचली.

“आई, यात बाबांनी दगड उचलला नाही असं कुठं लिहिलंय?”

“सगळं तेच तर आहे.”

“कुठं? ओळ दाखव.”

टाइपबाई पाने चाळू लागल्या. लेकीनेच शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवले. ‘क दंगेखोर होते की वाटसरू, हे निश्चित करता येत नाही. किंबहुना ते निश्चित करण्याचा आग्रह हाच सत्तेचा आग्रह असतो.’

“अगं, ते सरकारला लागू आहे,” टाइपबाई म्हणाल्या. “सरकारला निश्चित म्हणता येत नाही, असं.”

“आणि आपल्याला?”

“आपल्याला काय म्हणायचंय? आपल्याला ठाऊकच आहे.”

लेकीने पाने नीट जुळवून परत दिली. “चांगलं लिहिलंय,” ती म्हणाली, आणि ताट घ्यायला उठली.

मॅडमना पदवी मिळाली. प्रबंधाचे पुस्तक झाले, चर्चा झाली. पुढच्या वर्षी सरकार बदलले आणि नव्या सरकारने जुन्या अहवालाचा फेरविचार करायला समिती नेमली. निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, तीन महिन्यांची मुदत. मृतांच्या नातेवाइकांनी अर्ज करावेत, अशी नोटीस निघाली. टाइपबाईंनी अर्ज स्वतः टाइप केला. एका पानाचा. सोबत एक तरुण वकील मिळाला. तो चारही घरांसाठी फुकट उभा राहणार होता.

सुनावणी जुन्या सभागृहात होती. उंच छत, लांब टेबल, मागे लाकडी बाके. टाइपबाईंनी इस्त्री केलेली साडी नेसली होती. लेक शेजारी बसली होती. मॅडम मागच्या बाकावर होत्या. नातेवाइकांच्या बाजूने साक्ष द्यायला त्या आपणहून आल्या होत्या.

टाइपबाईंनी सगळे सांगितले. चष्म्याचे, टपालपेटीचे, कंबरेचे. या वेळी लिहून घेणारा घाईत नव्हता. अध्यक्ष मधूनमधून मान हलवत होते. टाइपबाईंना वाटले, आता होतंय.

मग सरकारी वकील उठले. सरकार बदलले होते, पण वकील जुनेच होते. त्यांच्या हातात मॅडमचे पुस्तक होते. त्यातून पिवळ्या कागदाच्या खुणा डोकावत होत्या.

“बाई, तुमच्याही घरी तीन आठवडे पाणी नव्हतं?”

“नव्हतं.”

“यजमान चिडले असतील.”

“चिडायचं काय, साहेब, पाणी भरायचे लांबून.”

“हो का. बरं. हा चष्मा. पहिल्या चौकशीतल्या जबाबात चष्म्याचा उल्लेख नाही. ‘सामान’ असं आहे.”

“मी सांगितला होता. त्यांनी लिहून घेतला नाही.”

“असेल. पण चष्मा खरोखर होता असं आपण धरू. मी तुमच्याच बाजूनं धरतो.” वकिलांनी पुस्तक उघडले. “यात लिहिलंय, ‘चष्म्यावाचून तिने जे पाहिले.’ ही तुमचीच हकिगत ना?”

“हो.”

“म्हणजे चष्मा त्यांच्या हातात होता, तर तुमच्या डोळ्यांवर नव्हता.”

टाइपबाईंनी नाकावरचा चष्मा सारखा केला.

“आणि चष्मा नसेल तर तुम्हाला टाइपही करता येत नव्हतं. एक हात अंतरावरचं अक्षर दिसत नव्हतं. चौकाची रुंदी किती होती?”

“साहेब, मला त्यांचं वाकणं—”

“रुंदी, बाई.”

“साठेक पावलं असेल.”

“साठ पावलांवरून दगड आणि चष्म्याचं घर यांतला फरक तुम्हाला दिसला?”

“दिसला नाही. कळला.”

मागच्या बाकावर कोणीतरी खोकले. अध्यक्षांनी लेखनिकाकडे पाहिले. “‘दिसला नाही’ असं घ्या.”

“साहेब, ‘कळला’ पण घ्या,” टाइपबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिले. वाईट नव्हता तो माणूस. “बाई, समितीला जे दिसलं ते नोंदवता येतं,” ते म्हणाले.

वकिलांनी आणखी एक खूण काढली. “आता शेवटचं. या पुस्तकातलं हे वाक्य: ‘क दंगेखोर होते की वाटसरू, हे निश्चित करता येत नाही.’ हे पुस्तक कुणी टाइप केलंय?”

तरुण वकील उठून काही म्हणणार होता, तोवर टाइपबाई बोलूनही गेल्या. “मी.”

“हे वाक्य तुमच्या हातानं टाइप झालं. तुम्हाला ते चूक वाटलं, तर तुम्ही सांगितलं का?”

“मी टाइप करते, साहेब. लिहिणाऱ्याचं बदलत नाही.”

“बरोबर आहे,” वकील म्हणाले, आणि बसले.

दुपारनंतर मॅडमची साक्ष झाली. त्या ताठ उभ्या होत्या, पण पदराचे टोक मुठीत घट्ट धरलेले होते. विद्यार्थ्यांसमोर तास तास बोलणाऱ्या मॅडम. तरुण वकिलाने त्यांना वेळ दिला. त्यांनी सांगितले की अहवाल ही अंतिम गोष्ट नसते, की प्रत्येक घटनेची अनेक कथने असतात, की ज्यांना आवाज नाही त्यांचे कथन दडपले जाते. अध्यक्षांनी सगळे ऐकून घेतले.

“मॅडम, हे सगळं मान्य,” ते म्हणाले. “मला दोन रकाने भरायचे आहेत. हा माणूस दगड उचलत होता का? हो की नाही?”

“सर, हा प्रश्नच मुळात असा आहे की—”

“हो की नाही.”

मॅडमनी टाइपबाईंकडे पाहिले. “नाही. मला वाटतं, नाही.”

सरकारी वकील उठले. “वाटतं कशावरून?”

“ताईंच्या सांगण्यावर माझा विश्वास आहे.”

“पुस्तक लिहिताना होता?”

“होता.”

“मग पुस्तकात ‘तो दगड उचलत नव्हता’ असं का लिहिलं नाही?”

मॅडमचे ओठ हलले. बाहेर गाडी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला कोणी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत होते.

“तेव्हा,” मॅडम म्हणाल्या, “तेव्हा माझा मुद्दा तो नव्हता.”

व्हरांड्यात नळ होता. टाइपबाईंनी बाटली भरून आणली. मॅडम कोपऱ्यातल्या बाकावर तोंड झाकून बसल्या होत्या. लेक लांब, खांबाला टेकून उभी होती. ती जवळ आली नाही.

“पाणी घ्या.”

“ताई, मी तुमच्या बाजूनं लिहिलं होतं हो.”

“ठाऊक आहे मला. मीच टाइप केलंय.”

“मी त्यांची गोष्ट मोडायला गेले. त्या अहवालाची. तुमचीही मोडेल असं मला...” त्यांनी डोळे पुसले. “दुसरी आवृत्ती येतेय. मी बदलते. स्पष्ट लिहिते, ते वाटसरू होते.”

“तुम्ही होता तिथं?”

“नाही.”

“मग कसं लिहाल?”

टाइपबाई टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरोखरच वाटत होते, की एवढ्या शिकलेल्या बाईंना असे लिहिता येत असेल, एखादी पद्धत असेल. मॅडमनी मान हलवली. पद्धत नव्हती. दोघींनी बाटली एकमेकींना देत अर्धी संपवली. शेवटी लेक येऊन म्हणाली, “आई, चल, बस जाईल.”

निकाल दोन महिन्यांनी लागला. तरुण वकिलाने फोन केला. चौघांतले दोघे वाटसरू ठरले, एक दंगेखोर राहिला. आणि क्रमांक चार? त्याच्यासाठी समितीने तिसरा रकाना केला होता. ‘उपलब्ध पुराव्यावरून निश्चित करता येत नाही.’

“पूर्वीपेक्षा बरंच आहे, मावशी,” वकील म्हणाला. “दंगेखोर शब्द गेला.”

“हो,” टाइपबाई म्हणाल्या. “तुम्ही खूप धावपळ केलीत.”

लेकीने फोनवरचे सगळे ऐकले होते. ती कपडे वाळत घालत होती. एक चादर तिने झटकली, दोरीवर टाकली, ओढून सरळ केली.

“इतके दिवस भांडायला तरी येत होतं,” ती म्हणाली. “म्हणायला येत होतं, माझे बाबा दंगेखोर नव्हते. आता काय म्हणू? आता ते कुणीच नाहीत.”

टाइपबाईंनी चादरीचे दुसरे टोक धरले.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या. नव्या विद्यार्थ्याचा प्रबंध आला होता, अक्षर किडामुंगीसारखे. मॅडम दारातून जाताना थबकल्या. “ताई, चहा?” “आणा,” टाइपबाई म्हणाल्या. दोघींनी चहा घेतला.

आठवड्याने त्या अर्धी रजा टाकून अहवालाची प्रत आणायला गेल्या. खिडकीवर रांग होती. आतल्या कारकुनाने वही पुढे केली, त्यांनी सही केली, त्याने प्रत दिली. त्या बाजूला झाल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून आपले पान काढले आणि सवयीप्रमाणे ओळीखाली बोट धरून वाचू लागल्या.

“काय झालं, बाई?”

“इथं चूक आहे.”

कारकुनाचा चेहरा कंटाळला. “निकालाबद्दल इथं काही होत नाही. त्याला वर जायला लागतं.”

“निकालाबद्दल नाही. वय. एकेचाळीस लिहिलंय. अडतीस पाहिजे.”

“अडतीस?”

“अडतीस पुरे होऊन दोन महिने झाले होते.”

त्यांनी पिशवीतून मृत्यूचा दाखला काढून खिडकीतून आत दिला. कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला, उठून आत गेला, कोणाला तरी विचारून आला. “मजकुरातली चूक असेल तर दुरुस्त करता येते,” तो म्हणाला. त्याने पट्टी ठेवून एकेचाळीसवर रेघ मारली, वर अडतीस लिहिले, आणि शेजारी बारीक सही केली. आपल्या जवळच्या प्रतीवरही तसेच केले. मग दोन्ही पाने त्यांच्यासमोर धरली.

“बघून घ्या. आणखी काही?”

टाइपबाईंनी पुन्हा वरपासून बोट धरले. नाव. पत्ता. वय. व्यवसाय. बोट तिसऱ्या रकान्यापाशी आले आणि तिथे राहिले. मागच्या माणसाने घसा खाकरला.

“नाही,” त्या म्हणाल्या. “बाकी टायपिंग बरोबर आहे.”

त्या रांगेतून बाहेर आल्या. पान लगेच मिटले तर शाई पसरली असती, म्हणून भिंतीशी जाऊन, ते दोन्ही हातांत आडवे धरून, वाळेपर्यंत उभ्या राहिल्या.